मेल्याचा हात



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत मीही चार ओळी लिहाव्यात असे चिटणीसबाई म्हणाल्या, तेव्हा आम्ही चौघीजणी मेंढीकोट खेळत बसलो होतो. मी म्हटले, "अहो, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी काय लिहिणार?" त्या म्हणाल्या, "हातात आहे त्यावर लिहा." हातात पाने होती. म्हणून हा पानांच्या नावांचा इतिहास. इंग्रजीतला मजकूर धाकट्या मुलाने वाचून सांगितला. चूकभूल माझी.

दुर्री, तिर्री, नव्वी, दश्शी ही आपली नावे आकड्यांवरून पडली. चौकट आणि बदाम आकारावरून. अमेरिकेत पोकर नावाचा पैसे लावून खेळायचा डाव आहे, आपल्या तीन पत्तीच्या जातीचा, पण पाच पानांचा. त्याच्या काही प्रकारांत हाती दोनच पाने येतात व बाकीची मध्ये मांडतात. तिथल्या खेळाडूंनी पानांना ठेवलेली नावे ऐकून हसू येते. दोन एक्के म्हणजे बंदुकीच्या गोळ्या. दोन दुर्‍या म्हणजे बदके, कारण इंग्रजी दोनाचा आकडा बदकाच्या मानेसारखा. गुलामांची जोडी म्हणजे मासे धरायचे गळ. किलवरच्या चौकीला सैतानाच्या पलंगाचे खांब म्हणतात! डॉइल ब्रन्सन या खेळाडूने १९७६ व १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षे मोठी स्पर्धा जिंकली. दोन्ही वेळा शेवटच्या डावात त्याच्या हाती दश्शी आणि दुर्री होती, म्हणून त्या जोडीला त्याचेच नाव पडले.

बदाम राजाकडे कधी नीट पाहिले आहे का? तलवार स्वतःच्याच डोक्यात खुपसल्यासारखी दिसते, म्हणून त्याला आत्महत्या करणारा राजा म्हणतात. बिचार्‍याच्या हाती मुळात कुर्‍हाड होती. फ्रान्समधल्या जुन्या पानांवरून इंग्लंडात नकलेवर नक्कल होत गेली, त्यात कुर्‍हाडीचे पाते गळाले आणि मिशाही गेल्या. चार राजांत बिनमिशांचा हा एकटाच. नक्कल करणार्‍यांच्या हलगर्जीपणाने केवढा दोष याच्या माथी आला!

चौकट नव्वीचे नाव मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाही. तिला 'स्कॉटलंडचा शाप' म्हणतात. कारणे अनेक सांगतात, मला पटले ते एक. ग्लेनको नावाच्या खोर्‍यात १६९२ च्या फेब्रुवारीत राजाचे सैनिक मॅक्डोनल्ड लोकांच्या घरी पाहुणे म्हणून राहिले. जवळजवळ दोन आठवडे त्यांचे अन्न खाल्ले आणि १३ तारखेला पहाटे यजमानांवरच शस्त्रे चालवली. सुमारे ३८ माणसे मारली गेली. घरे जाळल्यावर बायका-मुले बर्फात पळाली, त्यातली कितीतरी गारठून मेली. या कामात ज्याचा मोठा हात होता त्या डॅलरिंपलच्या कुलचिन्हावर चौकटीच्या आकाराच्या नऊ खुणा होत्या. लोकांना सरदाराला उघड शिव्या देता येत नसतील, पानाला देता आल्या.

आता ज्या नावासाठी लिहायला बसले ते. दोन काळे एक्के आणि दोन काळ्या अठ्ठ्या एका हाती आल्या की पोकरवाले म्हणतात, 'मेलेल्या माणसाचा हात'. आपल्या तोंडी 'मेल्या' ही शिवी, तिथे खरोखर मेलेला माणूस आहे. त्याचे नाव जेम्स हिकॉक, लोक 'वाइल्ड बिल' म्हणत. नामांकित नेमबाज. एरवी भिंतीला पाठ लावून बसणारा. २ ऑगस्ट १८७६ रोजी डेडवूड गावच्या दारूच्या गुत्त्यात तशी जागा मिळाली नाही म्हणून दाराकडे पाठ करून बसला, आणि जॅक मॅकॉल नावाच्या इसमाने मागून डोक्यात गोळी घातली. खाणवाल्यांच्या पंचांनी मॅकॉलला सोडून दिले. पुढे दुसर्‍या ठिकाणी पुन्हा खटला होऊन १ मार्च १८७७ रोजी तो फासावर गेला. हाती खरोखर हीच पाने होती असे त्या वेळच्या कागदांत दिसत नाही. ही गोष्ट १९२६ साली निघालेल्या एका पुस्तकाने पसरवली.

माझ्या माहेरी पत्ते शिवायला बंदी होती. आमच्या चुलत आजोबांनी तीन पत्तीत आजीच्या पाटल्या घालवल्या होत्या. त्या डावात कोणती पाने आली होती हे घरातल्या पुरुषांना तोंडपाठ. आजीला मात्र कोणी काही विचारले नाही. म्हणूनच मी मुलाला म्हटले, याची बायको कोण होती ते बघ.

बायको होती! अ‍ॅग्नेस लेक, सर्कशीत दोरीवर चालणारी, त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. तिचा पहिला नवरा सर्कशीचा मालक. तिकीट न काढता घुसलेल्या माणसाला बाहेर काढले म्हणून त्याने १८६९ साली या मालकाला गोळी घातली. पुढे सर्कस तिने स्वतः चालवली. हिकॉकशी तिचे लग्न ५ मार्च १८७६ रोजी झाले. थोडे दिवस बरोबर राहून तो सोन्याच्या शोधात गेला, तो परत आलाच नाही. संसार पुरता पाच महिन्यांचाही नाही, आणि दोन्ही नवरे गोळीने गेलेले.

डेडवूडच्या दफनभूमीत हिकॉकशेजारी आज कॅलॅमिटी जेन नावाची बाई आहे, १९०३ साली तिला तिथे पुरले. अ‍ॅग्नेस १९०७ साली वारली. ती दूर सिनसिनाटीत, पहिल्या नवर्‍याजवळ आहे.