वाडा, वाट आणि ओवी : दख्खनच्या मेंढपाळीचा एक अलिखित दप्तरखाना

मराठी वाङ्मयेतिहासात धनगरी ओवीची दखल प्रायः दैवतकथा म्हणून घेतली गेली आहे. तिच्यात बिरोबा, धुळोबा, खंडोबा यांची चरित्रे येतात. परंतु कुरणाच्या शोधात निघालेले कळप, पाणवठे, घाट आणि देवाची ठाणी यांचाही तो वृत्तान्त असतो. या दुसऱ्या अंगाचा विचार येथे अभिप्रेत आहे.

हटकर धनगरांच्या चराईचे चक्र पर्जन्यमानाशी निगडित आहे. माण, खटाव, फलटण या पर्जन्यछायेच्या प्रदेशात वर्षाला सुमारे 500 मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणात तो 2,500 मिलिमीटरांहून अधिक. दख्खनी मेंढीला सततची ओल सोसत नाही, म्हणून पावसाळा पठारावर काढायचा. दिवाळीनंतर माळरानावरचे गवत वाळते, कुसळांची टोके लोकरीत रुततात. तेव्हा काही वाडे घाट उतरून भातकापणी झालेल्या कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळात माळाला विसावा मिळतो. वाटेतल्या शेतांत रात्री मेंढरे बसविली जातात. लेंडी-मुताचे खत शेतकऱ्याला मिळते आणि त्याच्या मोबदल्यात धनगराला धान्य अथवा पैसा. फेरपालटीच्या चराईचे हे शास्त्र कोणा ग्रंथात नव्हे, व्यवहारात घडले.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (1962) मध्ये अशा वाटांचा संबंध मातृदेवतांची ठाणी आणि सूक्ष्म अश्मास्त्रे यांच्याशी जोडला. गुंथर सोन्थायमर यांनी (मूळ जर्मन ग्रंथ 1976, इंग्रजी अनुवाद 1989) धनगरांच्या मौखिक परंपरेच्या आधारे या दैवतांचा इतिहास उलगडला. खंडोबाची म्हाळसा वाण्याची आणि बाणाई धनगराची. वस्ती आणि रान यांचे नाते या दोन विवाहांतून कथारूप घेते. रा. चिं. ढेरे यांच्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (1984) या ग्रंथाने पशुपालकांचे हे विश्व पंढरपूरपर्यंत नेऊन भिडविले.

तौलनिक दृष्टीने येथे एक भेद लक्षणीय ठरतो. थिओक्रिटस आणि व्हर्जिल यांच्यापासून चालत आलेल्या युरोपीय गोपकाव्यात मेंढपाळ हा बहुतांशी नागर कवीने धारण केलेला मुखवटा आहे. तेथील प्रत्यक्ष मेंढपाळांच्या वाटांना मात्र सनदेचे संरक्षण लाभले : स्पेनमध्ये 1273 साली 'मेस्ता' या मेंढपाळसंघाला राजमान्यता मिळाली, 1836 मध्ये तो संपुष्टात आला, तरी त्या वाटांना 1995 च्या कायद्याने पुन्हा संरक्षण दिले. दख्खनमध्ये स्थिती उलट दिसते. येथे काव्य मेंढपाळाचे स्वतःचे आहे आणि वाटेची सनद म्हणजे ठाणे व ओवी.

हा भेद केवळ वाङ्मयीन नाही. 1878 आणि 1927 च्या वनकायद्यांनी राखीव जंगलातील चराई ही परवानगीची बाब केली. 2006 च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क मान्य केला; तथापि अनुसूचित जमातींत नसलेल्यांना तीन पिढ्यांचे, म्हणजे 75 वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करावे लागते. महाराष्ट्रात धनगरांची गणना भटक्या जमातींत होते. ज्यांचे वास्तव्यच फिरते, त्यांनी एका जागी राहिल्याचा पुरावा कोठून आणावा? 2008 च्या नियमांत पारंपरिक चराऊ जागा, पवित्र स्थाने आणि वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन पुराव्यांत धरले आहे. या तिन्ही गोष्टींचा मागोवा ओवीत एकत्र लागू शकतो.

अर्थात ओवी हा भूमापनाचा नकाशा नव्हे. दैवतकथेचा तर्क त्यातून गाळता येणार नाही. परंतु तिच्या संकलकाने स्थलनामे आणि त्यांचा क्रम पाठभेदांसह टिपला, तर तो इतिहासाचा दस्तऐवज होईल. ही नावे गौण समजून वगळणारे संपादन वाङ्मयाबरोबर एका समाजाच्या हक्काचीही हानी करते.