चार पैची शाळा

पीककर्जासाठी सोसायटीत द्यायचा म्हणून तलाठ्याकडून आठ-अचा उतारा आणला. सगळे क्षेत्र आणि आकार बघतात. मी शेवटच्या रकान्यांशी थांबले. स्थानिक उपकर: जि.प., ग्रा.पं. आकडे किरकोळ, पण जिल्हा परिषदेच्या ज्या शाळांत मी बत्तीस वर्षं शिकवलं, त्यांची मुळं इथे आहेत.

मुंबई इलाख्यात १८६३ पासून शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा जादा घेऊ लागले. हा लोकल फंड. आण्याच्या पै बारा. त्यातल्या आठ रस्त्यांना, चार शाळांना. कोंडवाड्याचं उत्पन्न आणि नदीवरच्या तरीचे पैसेही स्थानिक फंडांतच जमा होत. चार पै म्हणजे फार नव्हे, पण त्या कुणब्याच्या घामाच्या होत्या. त्या जायच्या कुठे, हे मात्र त्याला कुणी विचारत नव्हतं.

जोतीराव फुल्यांनी हाच प्रश्न धरून ठेवला. १८८० साली लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी पुणे नगरपालिकेत हजार रुपयांचा खर्च मांडला गेला. हे पैसे गरिबांच्या शिक्षणाला लावा, असं म्हणत बत्तीस सभासदांत त्यांनी एकट्याने विरोध केला. दोन वर्षांनी हंटर कमिशनपुढेही त्यांचं गाऱ्हाणं तेच होतं: पैसा रयतेचा आणि शिक्षण वरच्यांचं. लोकशिक्षणाचा इतिहास शिकवताना मी या एका विरोधी मतापासूनच सुरुवात करायची.

१८८४च्या कायद्याने लोकल बोर्डं आली, पण सुरुवातीला जिल्हा बोर्डाच्या खुर्चीत कलेक्टरच असे. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून ‘बोर्डाची शाळा’च म्हणतात. वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर १ मे १९६२ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. प्राथमिक शाळा, दवाखाने, गावरस्ते निवडून आलेल्या माणसांच्या हाती आले.

त्याचा अर्थ मला एका पावसाळ्यात कळला. दुसरीच्या वर्गाची कौलं फुटली होती. मुली पाट्या डोक्यावर धरून बसायच्या. आमच्या गटाच्या सदस्यबाई चिखल तुडवत आल्या, वर बघितलं, आणि दसऱ्याच्या आत कौलं बदलली. पुढे एका शाळेत रंगकामाला निधी आला आणि मुलींच्या शौचालयाला पाणी नव्हतं. ‘हेड वेगळं आहे, बाई,’ एवढंच उत्तर मिळालं. नव्या पिवळ्या भिंतीशेजारून सहावीच्या मुली बादली घेऊन हापशावर जायच्या.