पुरावशेषांचा सूक्ष्मजीवजन्य ऱ्हास
सूक्ष्मजंतू, कवके, शैवले व शैवाके (दगडफुले) यांच्या वाढीमुळे प्राचीन वास्तू, शिल्पे, चित्रे, हस्तलिखिते इ. अवशेषांची जी झीज होते, तीस सूक्ष्मजीवजन्य ऱ्हास म्हणतात. हा ऱ्हास मंद असला, तरी तो पृष्ठभागापासून सुरू होतो आणि लेख व चित्र यांचे मूल्य पृष्ठभागातच असते.

ओलसर दगडावर प्रथम नील-हरित शैवले वाढतात; त्यांना प्रकाश व पाणी पुरेसे असते. त्यांच्या बुळबुळीत थरात धूळ व ओल साठून कवकांना अन्न मिळते. शैवाकांचे तंतू सूक्ष्म भेगांत शिरतात व ओलाव्याने फुगून आणि सुकल्यावर आकसून खडकाचे कण सुटे करतात. त्यांच्यापासून निघणाऱ्या ऑक्झॅलिक अम्लाने खनिजांतील कॅल्शियम, लोह इ. मूलद्रव्ये वेगळी होतात. काही सूक्ष्मजंतू अमोनियापासून नायट्रिक अम्ल तयार करतात.

पिंपळगाव बसवंत व नासिकवरून जाणाऱ्या मुंबई–आग्रा महामार्गालगत त्रिरश्मी डोंगरात चोवीस लेणी आहेत. त्यांतील गौतमी बलश्रीचा लेख (इ. स. दुसरे शतक) सातवाहनांच्या इतिहासाचे प्रमुख साधन होय. असे लेख बेसाल्टसारख्या कठीण खडकात असले, तरी पावसाळी ओल व त्यानंतरचा कोरडेपणा यांचे चक्र दरवर्षी चालू असते. खडकाचा वरचा पातळ थर गेला, की अक्षरही जाते.

अजिंठ्याची चित्रे याहून नाजूक आहेत. तेथील मातीच्या गिलाव्यात भाताचा तूस, वनस्पतींचे तंतू इ. पदार्थ मिसळलेले असून रंग बांधण्यासाठी डिंक वा सरस यांसारखी द्रव्ये वापरली आहेत. हे सर्व कवकांचे व कीटकांचे खाद्य होय. छतातून झिरपणारे पाणी व वटवाघळांची विष्ठा यांची त्यात भर पडली. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू आढळल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथील गिलाव्याच्या टिकाऊपणाचे श्रेय संशोधकांनी त्या तंतूंना दिले.

रक्षणाचे उपायही कधीकधी अपायकारक ठरले. निजाम सरकारने पाचारण केलेल्या चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ञांनी १९२०–२२ मध्ये अजिंठ्याचा सुटणारा गिलावा घट्ट बसविला व त्यामुळे पुष्कळ चित्रे वाचली. मात्र चित्रांवर दिलेला लाखेचा लेप कालांतराने पिवळट व काळपट झाला. तो काढण्याचे काम पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांना करावे लागले. फ्रान्समधील लास्को गुहा (शोध १९४०) प्रेक्षकांच्या श्वासातील बाष्प व कार्बन डाय-ऑक्साइड आणि दिव्यांचा प्रकाश यांमुळे हिरव्या शैवलांनी ग्रासली व १९६३ मध्ये बंद करावी लागली. तेथे २००१ मध्ये फ्युजॅरियम कवकाची साथ आली. तिच्यावर वापरलेली जंतुनाशके काही सूक्ष्मजीवांना उलट पोषकच ठरल्याचे नंतरच्या संशोधनातून सूचित झाले.

सूक्ष्मजीव समूळ नष्ट करणे अशक्य असते. त्यांना लागणारी ओल, प्रकाश व अन्न तोडणे मात्र शक्य असते. म्हणून डोंगरमाथ्यावरील पाण्याचा निचरा, भेगा बुजविणे, वटवाघळांना अटकाव, प्रेक्षकसंख्येवर व दिव्यांवर नियंत्रण यांना प्राधान्य दिले जाते. रासायनिक उपाय अल्प जागेवर पडताळून पाहिल्यानंतरच योजणे हिताचे असते.