जनुकांचा क्रम आणि जीवांचा इतिहास



एखाद्या पोथीचीं पानें सुटलीं आणि पुन्हां बांधतांना कांहीं पानें उलट क्रमानें लागलीं, तर एकहि अक्षर न बदलतां पोथी निराळी होते. पुढें तिच्यावरून नकला होत गेल्या म्हणजे तोच क्रम प्रत्येक नकलेंत उतरतो. आणि पाठभेदांचा अभ्यासक त्यावरून कोणती प्रत कोणत्या प्रतीपासून निघाली हें सांगूं शकतो. सजीवांच्या आनुवंशिक पोथीचा, म्हणजे डीएनएचा, इतिहास वाचण्याची एक रीत अशीच आहे.

उत्क्रांति म्हटली कीं जनुकांतील एकेक अक्षर बदलत जाणें, एवढेंच बहुधा आपल्या मनांत येतें. परंतु याहून मोठे फेरफारहि घडतात. गुणसूत्राचा एखादा तुकडा तुटून उलटा बसतो, परक्या गुणसूत्राला जाऊन चिकटतो, किंवा दोन गुणसूत्रें जोडलीं जाऊन त्यांचें एक होतें.

हें ज्ञान प्रथम फळमाशीनें दिलें. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत टॉमस मॉर्गन यांचे शिष्य अल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनीं १९१३ सालीं एका गुणसूत्रावरील ६ जनुकांचा नकाशा प्रसिद्ध केला. जनुकें माळेंतील मण्यांप्रमाणें ओळीनें असतात, हें त्यावरून दिसून आलें. १९२१ सालीं त्यांनींच दाखविलें कीं, फळमाशीच्या दोन निकटच्या जातींत तिसऱ्या गुणसूत्रावरील कांहीं जनुकांचा क्रम परस्परांच्या उलट आहे. मणी तेच, ओवणी मात्र निराळी.

१९३३ सालीं टेक्सासमध्यें थिओफिलस पेंटर यांनीं या माशीच्या अळीच्या लालाग्रंथींतील विशाल गुणसूत्रांकडे लक्ष वेधलें. त्यांवरील आडव्या पट्ट्यांमुळें उलटलेला भाग सूक्ष्मदर्शकाखालीं डोळ्यांनीं दिसूं लागला. मग १९३६ सालीं स्टर्टेव्हंट आणि थिओडोसियस डोब्झान्स्की यांनीं पश्चिम अमेरिकेंतील रानमाश्यांच्या अशा क्रमांवरून त्यांची वंशावळ मांडली. त्यांची युक्ति सोपी आहे. ‘क ख ग घ च छ ज’ या ओळींतील ‘ख ग घ’ उलटा. ‘क घ ग ख च छ ज’ अशी ओळ होईल. आतां हिच्यांतील ‘ग ख च छ’ उलटा. ‘क घ छ च ख ग ज’ ही तिसरी ओळ मिळेल. पहिलीवरून तिसरीवर एकाच उलटीनें जातां येत नाहीं. म्हणून आरंभ कोठूनहि झालेला असो, दुसरी ओळ या दोहोंच्या मधली, हें निश्चित होतें. हाडें वा शिलावशेष हातीं नसतांहि पूर्वजांचा माग लागला तो असा.

परंतु हा क्रम म्हणजे केवळ जुनी नोंद आहे काय? कॅलिफोर्नियांतील सान हासिंतो डोंगरांत डोब्झान्स्की महिनोंमहिने माश्या पकडीत राहिले. १९४३ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें कीं, मार्चपासून जूनपर्यंत एका क्रमाच्या माश्यांचें प्रमाण घटतें व दुसऱ्याचें वाढतें. कडक उन्हाळ्यांत हा ओघ पुन्हां फिरतो. आईकडून एक क्रम व बापाकडून दुसरा आला असतां उलटलेल्या भागांतील जनुकांची अदलाबदल बहुतेक थांबते. त्यामुळें परस्परांस पोषक जनुकें गांठोड्यासारखीं एकत्र राहतात, आणि निसर्गाची निवड त्या संबंध गांठोड्याची होते.

मनुष्याच्या घरांतहि हा इतिहास आहे. पेंटर यांनीं १९२३ सालीं मनुष्याचीं गुणसूत्रें ४८ मोजलीं, आणि जग तो आंकडा ३० वर्षांहून अधिक काळ मानीत राहिलें. १९५६ सालीं स्वीडनमधील लुंड येथें जो-हिन त्यो व आल्बर्ट लेव्हान यांनीं तीं ४६ असल्याचें दाखविलें. चिंपान्झी, गोरिला व ओरांगउटान यांचीं मात्र ४८ आहेत. मग एक जोडी गेली कोठें? १९८२ सालीं पट्ट्यांच्या तुलनेवरून दिसलें कीं, आपलें दुसरें गुणसूत्र वानरांच्या दोन गुणसूत्रांशीं जुळतें. १९९१ सालीं सांधाच सांपडला: गुणसूत्राच्या टोंकाशीं असावयाची अक्षरमाला तेथें मध्यभागीं, समोरासमोर भिडलेली आहे. या जोडामुळेंच आपण मनुष्य झालों असें कोणीं सिद्ध केलेलें नाहीं. पण आपल्या पूर्वजांत तो घडला याची साक्ष प्रत्येकाच्या शरीरांत आहे.

असे फेरफार वंशावंशांमध्यें भिंतहि उभी करतात. सह्याद्रीच्या जंगलांतहि आढळणारें भारतीय भेकर घ्या. १९७० सालीं प्रसिद्ध झालें कीं, त्याच्या मादीचीं गुणसूत्रें अवघीं ६ व नराचीं ७ आहेत. चिनी भेकराचीं ४६ आहेत. दोघांचें रूप इतकें सारखें कीं बंदिवासांत त्यांचा संकर होतो. पण ती संतति वांझ निघते.

या भिंतीची किंमत मनुष्यालाहि द्यावी लागते. सुमारें ५०० माणसांत एकाच्या गुणसूत्रांचे तुकडे परस्परांच्या जागीं बसलेले असतात. जनुकें कमी-अधिक झालेलीं नसल्यानें तो मनुष्य बहुधा निरोगी असतो. परंतु त्याच्या बीजांत कधीं एखादा तुकडा अधिक जातो, कधीं उणा पडतो, आणि गर्भ टिकत नाहीं. वारंवार गर्भपात होणाऱ्या कांहीं जोडप्यांत याचा उलगडा तपासणीनें होतो. हा फेर पत्नींत असूं शकतो, तसाच पतींतहि असूं शकतो. ज्या घरांत सारा बोल केवळ सुनेला लावला जातो, त्या घरानें एवढें तरी ध्यानांत ठेवावें. तेथें जो अपघात पाळणा रिता ठेवतो, त्याच जातीचा एक अपघात आपणां सर्वांच्या दुसऱ्या गुणसूत्रांत आज शांतपणें नांदत आहे. निसर्गाच्या पोथीला पानें लावणारा हात कोणाचा दोष पाहून चालत नाहीं.