गिंडीचा कर्नल आणि विहिरीतलं फ्लोराइड

चेन्नईतल्या ओरगडमहून बोलतोय.

फ्लोरिन म्हटलं की आपल्याला टूथपेस्ट आठवते. पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅमच्या आसपास फ्लोराइड असेल तर दात कमी किडतात, हे खरंच. अमेरिकेत ग्रँड रॅपिड्स शहराने 1945 साली ते मुद्दाम नळाच्या पाण्यात घातलं. पण त्याआधी आठ वर्षं, याच शहरात, तेव्हाच्या मद्रासमध्ये, त्याची दुसरी बाजू उजेडात आली होती.

नेल्लोर जिल्ह्यातल्या पोदिली, दर्शी, कनिगिरी या भागातली माणसं कर्त्या वयात ताठरत होती. मान वळेना, कंबर वाकेना. मुलांच्या दातांवर खडूसारखे आणि तपकिरी डाग. तपास हाती घेतला गिंडीच्या किंग इन्स्टिट्यूटचे लेफ्टनंट कर्नल हेन्री शॉर्ट यांनी. फौजी डॉक्टर, म्हणून माझा थोडा पक्षपात समजा! सोबत मॅकरॉबर्ट, क्ष-किरणतज्ज्ञ बर्नार्ड आणि नायर. क्ष-किरणांत दिसलं की मणक्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंधच हाड होऊन बसले होते. डेन्मार्कमध्ये क्रायोलाइटच्या धुळीत काम करणाऱ्यांची हाडं अशी झालेली आढळली होती. इथे ना कारखाना, ना धूळ. दोष विहिरीच्या पाण्यात होता, आणि त्या पाण्याला ना रंग, ना वास. अहवाल 1937 साली छापला गेला.

मला त्याहून मोलाचं वाटतं ते पुढचं काम. 1940 साली चिंतामण गोविंद पंडित आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की फ्लोराइडइतकंच ताटातलं अन्नही महत्त्वाचं. गरिबी आणि क जीवनसत्त्वाची उणीव असेल तिथे हाडांचा आजार जास्त बळावतो. हेच पंडित पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पहिले संचालक झाले.

उपाय आला 1970 च्या दशकात, आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेतून. पाण्यात चुना आणि तुरटी घालून ढवळायचं, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी प्यायचं. नाव पडलं नलगोंडा पद्धत. स्वस्त आहे, पण तुरटी किती ते पाणी तपासूनच ठरतं आणि हा खटाटोप रोजचा. गावात तो रोज करणार कोण, इथेच गाडं अडतं.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या श्रोत्यांनी बोअरचं पाणी तपासून घ्यावं. आपल्याकडे मर्यादा 1 मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5. आणि पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं, फ्लोराइड तेवढंच राहतं.