मूर्खांची मोजदाद

सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून एक महापालिका झाली ती १९९८ साली. तिन्हींत कुपवाडचे नाव शेवटी. बाहेरच्यांना ते ठाऊक आहे मुख्यतः एमआयडीसीमुळे. इथून कृष्णेच्या वरच्या अंगाला, वाळवा तालुक्यात बहे हे गाव लागते. नदीच्या पात्रातल्या बेटावर रामलिंगाचे देऊळ आणि तिथेच समर्थ रामदासांनी स्थापलेला मारुती. अकरा मारुतींपैकी सात साताऱ्यात, दोन कोल्हापुरात, आणि बहे व शिराळा हे दोन सांगलीत.

या मुलखात मठ उभारणाऱ्या रामदासांना माणसे पारखावीच लागत. कोणाला कुठे पाठवायचे, कोणावर काय सोपवायचे, हे रोजचे काम. त्यांच्या दासबोधाच्या वीस दशकांत आणि दोनशे समासांत वेदान्त भरपूर आहे. पण घराघरांत लक्षात राहिली ती लक्षणे.

दुसऱ्या दशकाची सुरुवातच मूर्खलक्षणांनी होते. स्वतःची स्तुती करणारा मूर्ख. कारण नसताना हसणारा मूर्ख. सासुरवाडीला मुक्काम ठोकणारा मूर्ख. भांडण सोडवायचे सोडून मजा बघत उभा राहणारा, तोही मूर्खच. ही यादी वाचताना ऐकणाऱ्याची नजर आधी शेजाऱ्याकडे जाते आणि मग हळूच स्वतःकडे वळते. त्याच दशकात रज, तम आणि सत्त्व या गुणांवर एकेक समास आहे, आणि शेवटी येतो पढतमूर्ख: शिकलेला, बोलण्यात तरबेज, आचरणात शून्य. हा समास विद्वानांच्या सभेत मोठ्याने वाचायला धैर्य लागेल.

माणसांचे प्रकार पाडण्याची हौस काही नवी नव्हती. चरकसंहितेत सत्त्वाचे सात, रजाचे सहा आणि तमाचे तीन असे मनाचे सोळा प्रकार सांगितले आहेत. ग्रीसमध्ये थिओफ्रास्टसने तीस स्वभावचित्रे रेखाटली. विसाव्या शतकात कार्ल युंगचे प्रकारांवरचे पुस्तक १९२१ मध्ये आले, आणि त्याच्या आधारे कॅथरीन ब्रिग्ज आणि इसाबेल मायर्स या मायलेकींनी चार अक्षरांची चाचणी बेतली. तिचेही प्रकार सोळाच! योगायोग गमतीदार, पण त्यापलीकडे त्याला अर्थ नाही.

फरक वेगळ्या जागी आहे. प्रश्नावली भरून झाली की माणसाला एक खाना मिळतो आणि तो पुढे ‘मी असाच’ म्हणायला मोकळा. रामदासांच्या यादीत कोणाला कायमचा खाना नाही. एकच माणूस सकाळी एका ओवीतला मूर्ख, संध्याकाळी दुसऱ्या ओवीतला. ही लक्षणे सांगितलीच आहेत ती टाकून देण्यासाठी. आजच्या चाचण्यांहून ही रीत जास्त कडक, पण जास्त आशावादीही वाटते.

एकोणिसाव्या दशकात करंट्याची लक्षणे येतात, तीही फार व्यवहारी. लिहिता येत नाही, वाचता येत नाही, बाजारातून नीट सौदा आणता येत नाही, हिशेब ठेवता येत नाही: हा करंटा. त्याला लागूनच पुढच्या समासात सदेव, म्हणजे भाग्यवान. दोघांत आडवी येते ती पत्रिका नव्हे, आळस. कुपवाडच्या एखाद्या कारखान्यातल्या स्टोअर-कीपरला ही यादी परकी वाटायची नाही.

मूर्खलक्षणांत पुस्तकवाल्यांचीही गाठ पडते. अक्षरे गाळून वाचणारा किंवा पदरची घालणारा मूर्ख. तसाच स्वतः कधी न वाचता, दुसऱ्यालाही न देता पोथी बांधून ठेवणाराही मूर्ख. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव रामदासी पोथ्या शोधत मठामठांतून हिंडले, तेव्हा त्यांना अशी बासने सोडवावी लागली. डोमगावच्या मठात रामदासांचे शिष्य कल्याणस्वामी यांच्या हातची दासबोधाची प्रत होती. देवांनी ती छापून काढली.