पोटखराबा

इंदापूर तालुक्यातल्या एका बांधावर तुम्ही उभे आहात. हातात घडीवर फाटत आलेला सातबारा आहे आणि पलीकडे उजनीचं पाणी चकाकतंय. जिरायत, बागायत, खातेदार, इतर हक्क हे शब्द तुम्ही शंभरदा वाचले असतील. आज ‘पोटखराबा’वर बोट ठेवा. शेताच्या पोटातला, पिकाखाली न येणारा तुकडा. यातलं पोट आपलं आणि खराबा अरबी. दोन वेगळ्या घरांतले शब्द एका दाव्याला बांधलेत आणि कुणाला कधी खटकलेलं नाही. अशी सोयरीक जुळते कशी, ते पाहायला मागे जायचंय. कागद खिशात घाला.

ढेकळं तीच राहतात, फक्त पाणी ओसरतं आणि भीमा आपल्या खोल पात्रात उतरते. साल १८३६.

कड्या खुळखुळतात. दोन माणसं वाकून साखळी ओढतायत, तिसरा खुंटी ठोकतोय. जवळ जा, साखळीला हात लावा. उन्हानं तापली आहे. लांबी ३३ फूट, म्हणजे इंग्रजांच्या ६६ फुटी गंटर साखळीच्या बरोबर निम्मी. तिचे भाग मात्र १६ पाडलेत आणि प्रत्येक भागाला म्हणतात आणा. रुपयाचा आणा इथे जमिनीवर आडवा झालाय. साखळीभर लांब, साखळीभर रुंद तो गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. ३३ गुणिले ३३ करून पाहा, १०८९ येतात. बारामतीत आज प्लॉट घेणारा माणूस गुंठ्याचे जे चौरस फूट तोंडपाठ सांगतो, ते या साखळीतून आलेत.

झाडाखाली तंबू आहे, त्यात या मोजणीचे इंग्रज अधिकारी, गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट. आधी प्रिंगल साहेबानं बसवलेला सारा या कोरडवाहू मुलखाला पेलला नाही, जमिनी पडीक पडल्या. आता दर खाली आणायचा, ३० वर्षं कायम ठेवायचा आणि त्यासाठी प्रत्येक तुकड्याची प्रत ठरवायची. मुंबई इलाख्यात पुढे सगळीकडे गेलेली ही पद्धत इंदापुरात सुरू झाली. तंबूतला हिशेब इंग्रजीत चालतो, पण बांधावर काय चाललंय ते ऐका.

“रावजी, ह्यो समदा खडक हाय. ह्यात कुसळ उगवत न्हाई. ह्यो धरू नका.”

“पोटखराबा लिहितो, पाटील. राहिलेली दहा आणे प्रत धरतो.”

साहेबाचा एकर, बादशाहीतला खराबा, आपलं पोट, सगळं एका कानात शिरतंय. वाक्य मिटतं ते मात्र ‘लिहितो’ आणि ‘धरतो’ यांवरच. ते क्रियापद कुणी उसनं आणलेलं नाही.

आता पश्चिमेला तोंड करा. कऱ्हेकाठी बारामती, १७८० च्या आसपासची एखादी संध्याकाळ. बाबूजी नाइकांच्या आश्रयानं या गावी स्थिरावलेले कवी मोरोपंत पन्नाशीला आलेत. वसूल, बाकी, कर्ज हे कचेरीतले शब्द गावभर फिरतायत, आणि पंतांच्या ओसरीवर त्यातला जवळपास एकही शब्द चढत नाही. तिथे संस्कृताचं राज्य. पंतांनी एक निरोष्ठ रामायण रचलंय. ओठांवर बोट ठेवा आणि प, फ, ब, भ, म म्हणून पाहा. ओठ मिटतात. या रामायणात ते मिटायचेच नाहीत. म्हणजे ज्याची कथा, त्या रामाचं नावच उच्चारायचं नाही. बारामती नाही, मोरोपंत नाही, मराठीसुद्धा नाही. भाषेला एवढं वाकवूनही ती मोडत नाही, हे पाहून माझ्यासारख्याचे हात आपोआप जोडले जातात.

ओसरीवर ‘जरा’ म्हणजे म्हातारपण. खाली अंगणात कारकून म्हणतो, “जरा थांबा,” आणि हा ‘जरा’ बाहेरून आलेला. लिहायला दोन्ही सारखेच, पण ‘ज’ म्हणताना जीभ वेगळ्या जागी टेकते. दोन्ही मोठ्यानं म्हणा, कळेल. चिनी माणसाला कानाची असली परीक्षा पावलोपावली द्यावी लागते. तिथे ‘मा’ एका सुरात आई, दुसऱ्यात घोडा.  आपल्याकडे असे सूर नाहीत, पण या एका ‘ज’वरून त्याची चुणूक मिळते.

आणखी मागे चला. इंदापुरात परत, १६३० चा पावसाळा. पावसाळा म्हणायचा, पण आभाळ कोरडं आहे. दख्खनला होरपळणारा तो मोठा दुष्काळ सुरू झालाय. कचेरीत कारकून बोरू टोकरतोय. त्याच्यासमोर एकच कागद आणि त्यावर दोन लिप्या. वर उजवीकडून डावीकडे फारसी, खाली डावीकडून उजवीकडे मोडी. तो तारीख घालतो, “इहिदे सलासीन अलफ”. एक, तीस, हजार. शुहूर सन १०३१, आकडे सगळे अरबी. पण हे साल सुरू होतं मृगाला, कुणब्याच्या तिफणीबरोबर.

खांद्यावरून वाकून पुढची ओळ वाचा. “मौजे” अमुक, “परगणे इंदापूर”. आपण इंदापूर परगणा म्हणू, कागद परगणे इंदापूर म्हणतो. त्या ‘णे’वरची मात्रा ही फारसीची जोडणी, ‘चा-ची-चे’चं काम करणारी. एवढा एक सांधा आत आला आणि सातबाऱ्यावर ‘मौजे’ म्हणून अजून टिकून आहे. बाकी बरंच गेलं. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी जुन्या पत्रांतले शब्द मोजले होते. १६२८ च्या पत्रात मराठी शब्द शंभरात जेमतेम १४ होते, १६७७ च्या पत्रात ६२ आणि १७२८ च्या पत्रात ९३. मधल्या काळात शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंत्यांकडून राज्यव्यवहारकोश करवला. माझं मत असं, की पदव्या आणि खाती हुकमानं बदलता येतात, पण हक्क आणि खराबा शेतकऱ्याच्या तोंडी पक्के बसले होते, ते बसूनच राहिले.

अशी सोयरीक फक्त आपल्याकडेच जुळते असं नाही. याच १६३० च्या सुमारास दूर मनिलाच्या किल्ल्याबाहेर फूकियनहून आलेल्या चिनी व्यापाऱ्यांची वस्ती गजबजलेली आहे. चिनी आणि तिथली टागालोग या भाषांचं रक्ताचं नातं नाही. खाणं म्हणायला प्रमाण चिनी बोलणारा माणूस एकच ‘च्‍र’ म्हणतो, काळ कुठलाही असो, तो शब्द बदलत नाही. टागालोग माणूस ‘काइन’ या धातूच्या पोटातच ‘उम’ घालतो आणि ‘कुमाइन’ करतो. शिवाय ते क्रियापद वाक्यात सगळ्यात आधी ठेवतो. हे तो आजही सोडत नाही. पण त्याच्या घरात शेवयांचा ‘पान्सित’ शिरला, थोरली बहीण ‘आते’ झाली (आपल्या आतेचा तिच्याशी काही संबंध नाही) आणि थोरला भाऊ ‘कुया’. हे तिन्ही त्या व्यापाऱ्यांच्या होक्कियन बोलीतले. तख्तावर स्पॅनिश, आणि चुलीपाशी शेजाऱ्याचे शब्द.

कचेरीच्या दारात एक पोर येऊन उभी राहिलीय. परकर गुडघ्याशी विरलेला. कारकुनाचं लक्ष नाही, त्याची मात्रा अजून ओली आहे.

“अण्णा, कण्या शिजल्या. अक्का वाट बघतेय. उठा, खाऊन घ्या.”

अण्णा आणि अक्का, दोघंही कानडी मुलखातून आलेले. कारकून बोरू पागोट्यात खोवतो, कागदावर वाळू भुरभुरवतो आणि उठतो.